परदेशातल्या प्रकल्पासाठी शाळेतल्या मुलांनी निधी उभारायचा, तर आधी काय ठरवायचं आणि पुढे काय सांभाळायचं

प्रश्न थोडक्यात असा: आठवी-नववीच्या मुलांना पूर्व आफ्रिकेतल्या एका खेड्यातल्या शाळेसाठी पाण्याची सोय करायला पैसे उभे करायचे आहेत. उत्साह भरपूर आहे, अनुभव मात्र कुणालाच नाही. सुरुवात कुठून करावी, आणि फसगत कुठे होते?

देणगीची पेटी कशी असावी, स्टॉल कुठे लावावा, इथून सुरुवात करू नका. पैसे गोळा करणं हा या कामाचा सोपा भाग आहे. मुलांनी मनावर घेतलं की पैसे येतात. खरं अवघड असतं ते पैसा नेमका कशासाठी आणि कुणाच्या हाती द्यायचा, आणि आपण दिलेली वस्तू तीन वर्षांनी कोण चालू ठेवणार, हे ठरवणं. बऱ्याच शाळांत हे निर्णय मोठी माणसं परस्पर घेऊन टाकतात आणि मुलांच्या वाट्याला फक्त पेटी फिरवणं येतं. मग मुलं त्यातून काही शिकत नाहीत, आणि ज्या चुका त्यांच्या प्रश्नांनी वेळीच पकडल्या गेल्या असत्या त्याही तशाच राहून जातात.

नॉर्वेत १९६४पासून विद्यार्थ्यांचा एक उपक्रम चालतो. वर्षातून एक दिवस मुलं शाळेत न जाता कुठेतरी काम करतात आणि त्या दिवसाची मजुरी परदेशातल्या एका शिक्षणविषयक प्रकल्पाला देतात. प्रकल्प कोणता, हे विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी मतदानाने ठरवतात, आणि कामाच्या दिवसाआधी त्या देशाबद्दल, त्या प्रश्नाबद्दल शाळांमध्ये अभ्यास होतो. जर्मनीत बोस्नियाच्या युद्धाच्या काळात, १९९२मध्ये, विद्यार्थ्यांनीच उभी केलेली एक संस्था १९९८पासून असाच दिवस भरवते. तिथे काम देणारा, मुलगा आणि संस्था यांच्यात आधी लेखी करार होतो आणि मजुरी थेट संस्थेच्या खात्यात जाते. मुलाच्या हातात रोकड येतच नाही. या दोन उदाहरणांतून दोन गोष्टी जशाच्या तशा उचला: निवड मुलांच्या मताने, आणि रोकड शक्य तितकी कमी.

आता पाण्याकडे येऊ. कॅनडातल्या रायन हरेल्याक या मुलाची गोष्ट या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असते. १९९८मध्ये पहिलीत असताना त्याने ऐकलं की ७० डॉलरमध्ये विहीर होते. घरातली कामं करून त्याने चार महिन्यांत ७० डॉलर जमवले. मग कळलं की ७० डॉलरमध्ये फक्त हातपंप येतो, जमिनीत भोक पाडायला २,००० डॉलर लागतात. तो थांबला नाही, आणि १९९९मध्ये उत्तर युगांडातल्या अंगोलो प्राथमिक शाळेजवळ विहीर झाली. जिद्दीची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते, ते योग्यच आहे. पण मुलांना त्यातला हिशोबाचा धडाही दाखवा. ऐकलेल्या आकड्यात काय धरलंय आणि काय धरलेलं नाही, हा पहिला प्रश्न.

बोअरवेलच्या पूर्ण खर्चात भूजल सर्वेक्षण, यंत्र गावापर्यंत आणणं, खोदाई, केसिंग पाइप (भोक ढासळू नये म्हणून आत घालतात तो), पाण्याची तपासणी, पंप, पंपाभोवतीचा काँक्रीटचा ओटा आणि सांडपाण्याची नाली, गावातल्या दोघा-तिघांना दुरुस्तीचं प्रशिक्षण, सुट्या भागांचा पहिला संच, आणि निदान वर्षभराची देखरेख, एवढं सगळं येतं. दरपत्रकात यातलं काही दिसत नसेल, तर ते कोण करणार हे लेखी विचारा. आणि एक प्रश्न हमखास विसरला जातो: भोक कोरडं निघालं तर? कोरड्या भोकालाही खोदाईचे पैसे लागतात. तो खर्च ठेकेदार सोसणार, तिथे काम करून घेणारी संस्था सोसणार की तुमच्या निधीतून जाणार, हे आधी ठरलेलं नसेल, तर दात्यांना तोंड देताना मुलांची फार वाईट अवस्था होते.

पंपाची निवड संस्था करेल, पण मुलांना त्यातलं थोडं कळायला हवं. आफ्रिकेत अ‍ॅफ्रिडेव्ह आणि इंडिया मार्क टू हे दोन हातपंप खूप दिसतात. अ‍ॅफ्रिडेव्ह साधारण ४५ मीटर खोलीपर्यंत चालतो. गावातल्या माणसांना स्वतः उघडता यावा अशी त्याची रचनाच आहे: एक पाना पुरतो, आणि आतलं सील, बेअरिंग हे झिजणारे भाग स्वस्त असतात. इंडिया मार्क टू ५० मीटरपर्यंत जातो, दणकट असतो, पण सिलिंडर, म्हणजे खाली पाण्यात बसणारा पंपाचा भाग, वर काढायचा म्हणजे अख्खी लोखंडी पाइपांची माळ उपसावी लागते, त्याला खास अवजारं आणि शिकलेली माणसं लागतात. शिवाय पाणी आम्लधर्मी असेल, म्हणजे सामू (पीएच) ६.५च्या खाली असेल, तर जस्ताचा मुलामा दिलेले पाइप गंजतात. पाणी लालसर येतं, चव लोखंडी लागते, आणि पंप चालू असूनही बाया पुन्हा ओढ्यावर जायला लागतात.

हे तपशील वायफळ नाहीत. ग्रामीण पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय जाळ्याने २००९मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या २० देशांचे अंदाज एकत्र केले, तेव्हा ३६ टक्के हातपंप बंद आढळले. म्हणजे दर तीन पंपांतला एक. सील झिजतं, सुटा भाग जवळच्या बाजारात मिळत नाही, मिळाला तर पैसे कुणी द्यायचे यावर एकमत होत नाही, आणि पंप उभाच राहतो. म्हणून संस्थेला विचारायचे प्रश्न असे ठेवा: सर्वांत जवळचं सुट्या भागांचं दुकान किती अंतरावर आहे? पाणी समिती आहे का, तिच्यात बायका किती, वर्गणी किती आणि कशी जमा होते? त्याच संस्थेने पाच वर्षांपूर्वी बसवलेल्या पंपांपैकी आज किती चालू आहेत? या शेवटच्या प्रश्नाला जी संस्था आकडा देते, मग तो शंभर टक्के नसला तरी, ती विश्वासाची. जी फक्त उद्घाटनाचे फोटो पाठवते, तिला पुन्हा विचारा.

पाणी किती लागेल याचं गणित मुलांना फळ्यावर करू द्या. आपत्कालीन मदतीच्या स्फिअर मानकांनुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरतात, आणि मिनिटाला १७ लिटर देणाऱ्या एका हातपंपामागे जास्तीत जास्त ५०० माणसं. १७ गुणिले ६० गुणिले ८ तास म्हणजे ८,१६० लिटर. ५०० माणसांना लागतात ७,५००. जेमतेम बसतं. शाळेसाठी पिणं आणि हात धुणं मिळून विद्यार्थ्यामागे ३ लिटर धरतात. ४०० मुलांना १,२०० लिटर, म्हणजे सत्तरेक मिनिटं सलग पंप मारायला हवा. मधल्या सुट्टीत हे होणार नाही हे मुलांना लगेच दिसतं, आणि मग टाकी हवी, नळ हवेत, पंप मारणार कोण, हे प्रश्न ती स्वतःच विचारतात.

असंच गणित वेळेवर केलं असतं तर एक मोठी चूक टळली असती. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या प्लेपंप या यंत्रात मुलांनी चक्रावर बसून खेळायचं आणि त्या फिरण्याने पाणी वर यायचं, अशी कल्पना होती. २००६मध्ये अमेरिकेत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली. एका यंत्राची किंमत साध्या हातपंपाच्या सुमारे चौपट. दावा असा, की एक यंत्र २,५०० माणसांना पुरेल आणि तासाला १,४०० लिटर पाणी देईल. २,५०० गुणिले १५ म्हणजे ३७,५०० लिटर. भागिले १,४००. उत्तर येतं दिवसाला जवळजवळ २७ तास खेळ! प्रत्यक्षात मुलं नसायची तेव्हा बायकांना ते जड चक्र हाताने फिरवावं लागायचं, आणि बिघडलं तर गावात दुरुस्त होत नसे. काही ठिकाणी चालू हातपंप काढून त्या जागी हे बसवलं होतं. दिसायला मोहक, फोटोत उत्तम, अशा कल्पनेला मुलं पटकन भुलतात. मोठे त्याहून जास्त भुलतात.

पूर्व आफ्रिका म्हणून आणखी एक. तिथल्या खचदरीच्या पट्ट्यात, म्हणजे इथिओपिया, केनिया, टांझानियाच्या काही भागांत, भूजलात फ्लोराइड जास्त असतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर आधी दातांवर डाग पडतात, फार जास्त असेल तर हाडांनाही विकार होतो. पाणी स्वच्छ दिसतं, चवीला चांगलं लागतं. बांगलादेशात १९७०च्या दशकापासून लाखो कूपनलिका चांगल्या हेतूनेच बसवल्या गेल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ पाण्यात आर्सेनिक आहे हे १९९०च्या दशकात उघड झालं. म्हणून पंप बसवण्याआधी प्रयोगशाळेचा अहवाल, निदान फ्लोराइड, आर्सेनिक, क्षारता आणि ई-कोलाय (पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण असलेले जिवाणू) यांचा, ही अट करारात घाला.

पाण्याऐवजी दुसरा प्रकल्प निवडणार असाल, तर दोन ठिकाणी विशेष जपा. जुने कपडे, वापरलेली पुस्तकं, खेळणी गोळा करून पाठवणं टाळा. वाहतूक, जकात आणि गोदाम यांचा खर्च बहुधा वस्तूंच्या किमतीपेक्षा जास्त होतो, पुस्तकं भलत्याच भाषेत असतात, आणि तिथल्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटतं. आणि अनाथाश्रमाला देऊ नका. मन तिकडे सहज ओढलं जातं हे खरं, पण सेव्ह द चिल्ड्रन या मुलांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००९मध्ये दाखवून दिलं, की अशा संस्थांतल्या पाचांपैकी निदान चार मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. परदेशी देणग्या येतात म्हणून मुलं घरातून आणून ठेवली जातात. २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही या प्रकाराबद्दल ठराव केला. तोच पैसा कुटुंबाला, शाळेच्या फीला, जेवणाला दिला तर मूल घरीच राहतं.

संस्थेची निवड करताना तिची नोंदणी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब, तिथल्या शिक्षण खात्याशी किंवा जलखात्याशी असलेलं लेखी नातं, आणि जमीन कुणाच्या नावावर आहे, एवढं पाहा. खासगी जमिनीवर खोदलेल्या विहिरीला पुढे कुंपण पडतं. 'आमचा व्यवस्थापन खर्च शून्य' असं कुणी म्हटलं, तर खूश होऊ नका. देखरेख, हिशोब, प्रवास याला पैसे लागतातच. शून्य म्हणजे एकतर ते काम होत नाही, नाहीतर दुसरीकडून भागवलं जातंय.

कायदा काय सांगतो, ते देणगीचं आवाहन छापण्याआधी बघा. बऱ्याच देशांत धर्मादाय निधी देशाबाहेर खर्च करायला परवानगी लागते, आणि घेणाऱ्या देशातही परदेशी देणगी घ्यायला नोंदणी लागते. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तुमच्या देशात नोंदलेली आणि त्या देशात काम करायची रीतसर मुभा असलेली संस्था निवडणं. लेखापालाला अर्धा तास दिलात, तर पुढचे सहा महिने वाचतात.

आता पैसे. सगळ्यात भरवशाचा प्रकार म्हणजे प्रायोजित चालणं किंवा धावणं. प्रत्येक मुलाला एक कार्ड: दात्याचं नाव, फेरीमागे रक्कम किंवा एकरकमी, कमाल मर्यादा, सही, आणि पैसे मिळाल्याची खूण. कमाल मर्यादेचा रकाना हवाच. दहा फेऱ्या होतील म्हणून फेरीमागे रक्कम लिहिणाऱ्या आजोबांच्या नातवाने चाळीस मारल्या, की वाद होतो. कबूल झालेल्या दहांपैकी आठच रकमा हातात येतील असं धरून उद्दिष्ट ठरवा, आणि वसुली दोन आठवड्यांत संपवा. महिना उलटला की कार्डं दप्तराच्या तळाशी जातात. अनोळखी दारात मुलांना पाठवू नका.

विक्रीत एकच पथ्य आहे: जमा आणि खर्च वेगळे. शंभर जमले आणि चाळीस सामानाला गेले, तर निधी साठ. फलकावर दोन्ही आकडे लिहा. सोडतीची तिकिटं अनेक देशांत परवान्याशिवाय बेकायदा असतात. त्या वाटेला जाऊ नका.

आणि कृपा करून वर्गवार किंवा मुलामागे किती जमले याची यादी भिंतीवर लावू नका. ज्याच्या घरी द्यायला काही नाही, ते मूल त्या यादीकडे रोज बघतं. मोजायचंच असेल तर किती मुलांनी भाग घेतला ते मोजा. कार्ड लिहिणं, फेऱ्या मोजणं, हिशोब तपासणं हे पैशाइतकंच योगदान आहे, आणि ते तसं बोलून दाखवा.

पेटीचा पैसा मोजायची पद्धत पहिल्या दिवसापासून पक्की ठेवा. पेट्यांना क्रमांक, झाकणावर चिकटपट्टी, आणि पट्टीवरून आडवी दोघांची सही. पेटी कुणी, कधी नेली आणि आणली याची वही. उघडताना तिघं टेबलाशी: एक मोजतो, दुसरा तोच ढीग पुन्हा मोजतो, तिसरा लिहितो. नाणी दहा-दहाच्या चळती करून, नोटा मूल्याप्रमाणे वेगळ्या. तक्त्यात प्रत्येक मूल्याची संख्या, गुणाकार, बेरीज, तारीख, तिन्ही सह्या, आणि शेजारी एका शिक्षकाची. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा मोजायचं, अंदाजाने मधला आकडा लिहायचा नाही. सगळी रक्कम त्याच दिवशी किंवा बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी शाळेच्या खात्यात, वेगळ्या शीर्षाखाली. त्यातून बॅनरचे किंवा सरबताचे पैसे परस्पर द्यायचे नाहीत, रक्कम कितीही छोटी असो. खर्च नंतर बिलावर, खात्यातून. परस्पर खर्च झाला की एकूण किती जमलं होतं हे पुन्हा कधीच सिद्ध करता येत नाही, आणि चोरी झालेली नसतानाही संशय उरतो. तो संशय चौदा वर्षांच्या मुलावर येणं फार क्रूर आहे. ही सगळी शिस्त मुलांच्या संरक्षणासाठी आहे, हे त्यांना तसंच सांगा. आणि शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यात किंवा फोनवरच्या वॉलेटमध्ये एक पैसाही घेऊ नका.

आवाहनात दोन वाक्यं आधीच छापा: उद्दिष्टापेक्षा जास्त जमलं तर ते कशाला जाईल, आणि कमी पडलं तर काय होईल. ही वाक्यं नसली, की पंपासाठी दिलेला पैसा शौचालयाला वापरायचा का, यावर प्रत्येक दात्याला विचारत बसावं लागतं.

परदेशी रक्कम पाठवताना मधल्या बँका शुल्क कापतात. बँकेच्या अर्जावर शुल्क कोण देणार याचे तीन पर्याय असतात. सगळं शुल्क पाठवणाऱ्याने देण्याचा पर्याय घ्या आणि ते अंदाजपत्रकात धरा. खातं संस्थेच्याच नावाचं हवं, कुणा व्यक्तीच्या नव्हे, आणि नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. आधी छोटी रक्कम पाठवून पोच घ्या. 'आमचं खातं बदललंय' अशी ई-मेल आली तर आधीपासून माहीत असलेल्या फोन क्रमांकावर बोलून खात्री केल्याशिवाय काहीही पाठवू नका. हा फसवणुकीचा नेहमीचा प्रकार आहे. विनिमय दर हलतो, म्हणून दहा टक्के शिल्लक धरा.

सगळी रक्कम एकदम देऊ नका. निम्मी सुरुवातीला, तीस टक्के पाण्याचा अहवाल आल्यावर, वीस टक्के पंप तीन महिने चालल्यावर, ही विभागणी बहुधा जमते. पण पहिला हप्ता सर्वेक्षण, खोदाई आणि सामानाला पुरेल एवढा हवा. छोट्या संस्थेकडे पदरचं भांडवल नसतं. हप्ता फार बारीक केला तर काम अर्ध्यावर अडतं, आणि दोष मात्र तिच्या माथी येतो.

पोस्टरवर रडणारं, उघडं मूल नको. आपल्या शाळेतल्या मुलाचा असा फोटो परक्या देशात लागलेला चालेल का, एवढं विचारलं की मुलांना उत्तर कळतं. फोटो संमतीनेच, पूर्ण नाव आणि गाव एकत्र न छापता. २०१२मध्ये नॉर्वेच्या एसएआयएच या विद्यार्थी-प्राध्यापकांच्या संघटनेने एक चित्रफीत केली होती. तिच्यात आफ्रिकेतले लोक थंडीने गारठलेल्या नॉर्वेसाठी हीटर गोळा करतात. वर्गात तिच्यावर तासभर चर्चा घ्या, पोस्टरची भाषा आपोआप सुधारते. आणि जमलं तर तिथल्या मुलांकडून त्यांच्या शाळेत काय चांगलं चालतं हेही मागवा.

दात्यांना पहिला हिशोब वसुली संपल्यावर महिन्याभरात द्या, दुसरा काम झाल्यावर, तिसरा पंप बसल्यावर वर्षाने. तिसरा बहुतेक ठिकाणी राहून जातो, कारण तोवर नववीची मुलं शाळा सोडून गेलेली असतात. म्हणून सुरुवातीपासून गटात निम्मी सातवी-आठवीची घ्या आणि एक वही ठेवा: करार, दरपत्रक, मोजणीचे तक्ते, बँकेच्या पोचा, संस्थेतल्या माणसाचं नाव-पत्ता, आणि कोणत्या महिन्यात काय विचारायचं याची यादी. जूनमध्ये ती वही पुढच्या गटाला सही करून द्यायची. त्यातली पहिली नोंद ठरलेली: पंप चालू आहे का, गेल्या वर्षात किती दिवस बंद होता, आणि सील कुणी बदललं. उत्तर 'बंद आहे' असं आलं, तर तेही दात्यांना कळवा, कारणासकट, आणि दुरुस्तीला किती लागतात ते विचारून घ्या. ती रक्कम बहुधा पहिल्या निधीच्या मानाने फारच लहान असते.